शेमा आधी, अक्षर नंतर

कोकणातल्या बेने इस्रायली या ज्यू समाजाविषयी लिहिताना एक विधान हटकून केलं जातं: हे लोक हिब्रू विसरले होते आणि एकोणिसाव्या शतकात ती त्यांना पुन्हा शिकवली गेली. यातला पहिला भाग बराचसा खरा आहे. मद्रासेतल्या सार्टोरियस नावाच्या मिशनऱ्याने १७३८ साली या लोकांबद्दल ऐकीव माहिती लिहून ठेवली, तीही हेच सांगते: यांच्याकडे धर्मग्रंथ नाही, हिब्रू येत नाही, येतो तो फक्त ‘शेमा’ ही प्रार्थना. शनिवारी घाणा बंद ठेवणारे हे तेली, म्हणून गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. सुंता, शब्बाथ, खवल्यांचेच मासे खाण्याचा नियम आणि तोंडपाठ शेमा एवढ्या शिदोरीवर त्यांनी पिढ्यानपिढ्या काढल्या. आक्षेप आहे तो विधानाच्या दुसऱ्या भागाला. ‘शिकवली गेली’ म्हटलं की सगळं श्रेय कोचीच्या गुरूंना आणि स्कॉटिश-अमेरिकन मिशनऱ्यांना जातं, आणि शिकणारा समाज कोऱ्या पाटीसारखा उरतो. माझं म्हणणं असं की हिब्रू वाचन या लोकांनी स्वतः, कानाने आणि मराठीच्या आधाराने कमावलं. आणि हिब्रू वाचण्याची जगभरची रीतही मुळात हीच आहे.

हे पटण्यासाठी ती लिपी जरा जवळून पाहायला हवी. हिब्रूची अक्षरं बावीस, सगळी व्यंजनं, लिहायची उजवीकडून डावीकडे. त्यांतल्या पाच अक्षरांचं रूप शब्दाच्या शेवटी आलं की बदलतं. स्वर मुळात लिहिलेच जात नव्हते. ते वाचणाऱ्याला ठाऊक असत, कारण त्याने तो मजकूर आधी ऐकलेला असे. पुढे बोलण्यातली हिब्रू मागे पडली, गावोगावची वाचनं वेगळी होऊ लागली, तेव्हा गालिलच्या सरोवराकाठच्या तिबेरियास नगरीतल्या पंडितांनी अक्षरांच्या अवतीभवती ठिपके आणि रेघा देऊन स्वर नोंदवण्याची पद्धत बसवली. दहाव्या शतकापर्यंत ती पक्की झाली. ‘बेत’ या अक्षराखाली एक ठिपका दिला की बी, आडवे दोन दिले की बे, तिरके तीन दिले की बु. काना, मात्रा, वेलांटी लहानपणीच गिरवलेल्या माणसाला यात नवल वाटत नाही. व्यंजनाला चिकटणारी स्वरचिन्हं त्याच्या ओळखीचीच असतात. अडचण येते ती उभ्या दोन ठिपक्यांपाशी. या ‘श्वा’ चिन्हाचा उच्चार कधी अगदी ओझरता होतो, कधी होतच नाही, आणि कुठे काय हे नियमाने सांगता आलं तरी सरावाशिवाय जमत नाही. पण मराठी वाचणारा तरी काय करतो? ‘करवत’ लिहिलेलं असताना ‘र’ आणि ‘त’मधला अ तो गाळतो, ‘क’ आणि ‘व’मधला ठेवतो, आणि हे त्याला कुठल्याही चिन्हाने सांगितलेलं नसतं. लिपीत नसलेलं कानाने भरून काढण्याची सवय त्याला आधीपासून आहे.

सिनेगॉगमधली तोरा या धर्मग्रंथाची गुंडाळी तर आजही ठिपक्यांविना लिहिली जाते. वाचणारा ठिपक्यांच्या छापील पुस्तकावरून तयारी करतो आणि मग स्वर व सूर स्मरणात ठेवून गुंडाळीवरून वाचतो. म्हणून कोणी म्हणेल की शेमा नुसता पाठ असणं म्हणजे वाचन नव्हे, तर ते बरोबर आहे. पण वाचनाचा अर्धा भाग त्यात होता हेही तितकंच बरोबर आहे. सुंतेला, लग्नाला, मयताला शेमा म्हणणाऱ्या माणसाच्या कानाला ती भाषा परकी नव्हती. राहून गेली होती ती अक्षरं.

अक्षरांची भूक लागली ती मुंबईत. कंपनी सरकारच्या फौजेतले सामाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ साली मांडवीजवळ सिनेगॉग बांधलं. बेने इस्रायली त्याला आपल्या शब्दात ‘मशीद’च म्हणत. प्रार्थनास्थळ उभं राहिलं की प्रार्थना वाचणारा लागतो, आणि तो सुरुवातीला कोचीच्या ज्यूंकडूनच मिळण्यासारखा होता. १८२६च्या सुमारास कोचीहून शिक्षक आले. त्याआधीच अमेरिकन मिशनच्या शाळांतून बेने इस्रायली मुलं शिकू लागली होती, आणि १८३२ साली स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी हिब्रूचं मूलभूत व्याकरण मराठीत छापलं. या सालाकडे नीट पाहायला हवं. मराठीचीच छापील व्याकरणं तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असताना, मराठीतून हिब्रू शिकवणारं पुस्तक मुंबईत तयार होतं.

आता मोठा आक्षेप. विल्सन यांचा हेतू धर्मप्रसाराचा होता, तेव्हा हे श्रेय मिशनचंच नाही का? हेतू उघड होता आणि पुस्तक उपयोगी होतं, दोन्ही मान्य. पण फळ काय आलं ते पाहावं. बेने इस्रायली मुलं मिशनच्या शाळांत मोठ्या संख्येने गेली, धर्मांतर मात्र फारसं झालं नाही. त्यांनी तिथून व्याकरण घेतलं आणि ते आपल्या प्रार्थनेच्या कामी लावलं. १८४६ साली मुंबईत वल्हांडणाच्या सणाची विधिपोथी, म्हणजे हग्गादा, मराठी भाषांतरासह शिळाप्रेसवर छापली गेली. १८७४ साली पुण्यात दुसरी निघाली, तिच्यातल्या चित्रात साडी नेसलेल्या बायका बेखमीर भाकरी करताना दिसतात. जोसेफ एझेकिएल राजपूरकर यांनी तर हिब्रू प्रार्थनाग्रंथांची मराठी भाषांतरं करण्यात हयात घालवली. बगदादी ज्यूंच्या पैशावर चालणाऱ्या डेव्हिड ससून बेनेव्होलंट इन्स्टिट्यूशनचे ते मुख्याध्यापक होते आणि मुंबई विद्यापीठाचे हिब्रूचे परीक्षकही. ज्यांना ‘हिब्रू विसरलेले’ म्हणायचं, त्यांच्यातला माणूस त्याच शतकात हिब्रूचे पेपर तपासत होता. मला हा पुरावा सगळ्यांत वजनदार वाटतो. हैम सॅम्युएल केहीमकर यांनी १८७५ साली समाजाची स्वतःची शाळा काढली, तेव्हा शिक्षक बाहेरून मागवण्याचा काळ सरत आला होता.

उरला उच्चाराचा प्रश्न. बगदादी ज्यू अरबी बोलत, त्यामुळे ‘हेत’ आणि ‘आयिन’ ही घशातली अक्षरं त्यांना सहज साधत. मराठी जिभेला ती जड जातात. मग कोकणी वळणाचं वाचन अशुद्ध मानायचं का? तसं मानलं तर शुद्ध कोणाचं हे सांगावं लागेल. ‘कामात्स’ हा स्वर स्पेनच्या परंपरेतले ज्यू ‘आ’ वाचत, पूर्व युरोपातले आणि येमेनचे ‘ओ’च्या जवळ नेत. युरोपातल्या ज्यूंच्या तोंडून घशातली अक्षरं कधीच गळाली होती. विसाव्या शतकाच्या आरंभी जेरुसलेमच्या भाषा समितीने ती जपण्याचा निर्णय घेतला, पण नव्या बोलणाऱ्यांनी तो पाळला नाही. आजच्या इस्रायलमध्ये बहुतेकांच्या बोलण्यात आयिन ऐकूच येत नाही, आणि ‘त्सादी’ हे अक्षर ‘चमचा’तल्या च-सारखं उच्चारलं जातं, जो उच्चार मराठी माणसाला शिकावाच लागत नाही. उच्चाराच्या एका ठरावीक सोवळ्यावर कोणाचं ज्यूपण तोलणं म्हणूनच अन्यायाचं आहे. ज्यूपणावर शंका घेण्याचा अन्याय बेने इस्रायलींनी मुंबईत बगदादी ज्यूंकडून सोसला, आणि इस्रायलमध्ये १९६४ साली पूर्ण ज्यू म्हणून मान्यता मिळेपर्यंत तिथेही सोसला.

हिब्रूची अक्षरं आज नव्याने गिरवणाऱ्या मराठी वाचकाने उच्चाराच्या धास्तीने अडून बसू नये. ठिपके वाचायला शिकावं आणि रोज वाचणाऱ्या कोणाजवळ बसून ऐकावं. आणि मराठी मुद्रणाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी १८३२चं व्याकरण, या दोन हग्गादा आणि राजपूरकरांची भाषांतरं एका समाजाच्या कोपऱ्यात न टाकता मराठी ग्रंथांच्या मुख्य यादीत घ्यावीत. ती मराठीचीच पुस्तकं आहेत.