विमा कंपनीतला ग्राम आणि शनीचं वजन

‘ग्राम-श्मिट’ असं जोडनाव लावणारे कुणी एकच गृहस्थ असावेत, अशी माझ्या वर्गातल्या बऱ्याच मुलांची समजूत असायची. लिनियर अल्जिब्रातलं हमखास येणारं गणित: तीन व्हेक्टर दिलेत, ते ग्राम-श्मिट रीतीने ऑर्थोनॉर्मल करा. म्हणजे एकमेकांशी काटकोनात आणा आणि प्रत्येकाची लांबी 1 करा. मुलं मार्क मिळवायची आणि विसरायची.

माणसं दोन. योर्गन ग्राम हा कोपनहेगनच्या हाफ्निया विमा कंपनीत नोकरीला होता. लीस्ट स्क्वेअर्सवरचा त्याचा जर्मन लेख 1883 साली आला, त्यात ही रीत आहे. एर्हार्ड श्मिटने ती 1907 साली इंटिग्रल समीकरणांसाठी वापरली आणि मूळ ग्रामचं, हेही प्रामाणिकपणे सांगितलं. नावं जोडली गेली 1935मध्ये, वाँग यांच्या लेखात.

पण त्याआधीच लाप्लास येऊन गेला होता! 1816च्या सुमारास तो गुरू-शनीची वस्तुमानं काढत होता, खगोलशास्त्रज्ञ बुवारने जमवलेल्या समीकरणांवरून. अज्ञात सहा, त्यातल्या हव्या त्या एकाचं उत्तर किती भरवशाचं, हे त्याला ठरवायचं होतं. मग नको त्या राशी त्याने एकेक करून उडवल्या. आजच्या भाषेत, प्रत्येक राशीच्या सहगुणकांचा एक व्हेक्टर; पहिल्या व्हेक्टरची छाया (प्रोजेक्शन) उरलेल्या सगळ्यांतून लगेच वजा करायची, मग दुसऱ्याची.

श्मिटच्या रीतीत प्रत्येक व्हेक्टर पाळी येईपर्यंत जसाच्या तसा थांबतो, मग मागच्या सगळ्यांच्या छाया त्यातून एकदम जातात. कागदावर उत्तर तेच येतं. यंत्रावर येईलच असं नाही. (1, e, 0, 0), (1, 0, e, 0), (1, 0, 0, e) घ्या, e = 0.00001. हिशेब आठ अंकांपर्यंतच ठेवला तर 1 मध्ये e चा वर्ग मिळवूनही 1च उरतो. श्मिटच्या वाटेने गेलं की नव्या दुसऱ्या-तिसऱ्या व्हेक्टरमध्ये कोन निघतो चक्क 60 अंशांचा. लाप्लासच्या वाटेने 90. या वाटेवरची चूक किती मर्यादेत राहते, हे स्वीडनच्या ओके ब्योर्क यांनी 1967 साली सिद्ध केलं.

तरी पुस्तकांत श्मिटच, कारण सिद्धता सुटसुटीत लिहिता येते. गणितवाल्यांचं ठीक आहे, इंजिनिअरला मात्र लाप्लासची रीत आधी शिकवावी, असं माझं मत. पेपरात व्हेक्टर नेहमी लहान पूर्णांकांचे देतात, त्यामुळे तो 60 अंशांचा कोन मुलांना कधी भेटतच नाही.