तोआप्लान

आर्केड यंत्रांसाठी खेळ तयार करणारी जपानी कंपनी (१९८४–९४), मुख्यतः उभ्या सरकत्या पडद्यावरील विमानयुद्धाच्या खेळांसाठी प्रसिद्ध.

ओर्का व क्रक्स या कंपन्या बंद पडल्यावर त्यांतील काही प्रोग्रामर व संगीतकार तोआप्लानमध्ये एकत्र आले. तात्सुया उएमुरा व मासाहिरो युगे हे दोघे प्रोग्रामिंग आणि संगीत या दोन्ही बाजू सांभाळत. तयार खेळांचे वितरण बहुधा टाइटोकडे असे (पहा : टाइटो).

‘टायगर-हेली’ (१९८५) या खेळात हेलिकॉप्टरच्या दोन्ही बाजूंना एकेक बाँब दिसतो. शत्रूची गोळी त्यावर आदळली, तर बाँब फुटतो, आसपासच्या गोळ्या नष्ट होतात आणि हेलिकॉप्टर वाचते. संकटातून सुटका करणारा हा बाँब पुढे या खेळप्रकाराचा अविभाज्य भाग झाला. ‘क्युक्योकू टायगर’ (१९८७) व ‘तात्सुजिन’ (१९८८) हे यानंतरचे महत्त्वाचे खेळ. ‘झीरो विंग’च्या (१९८९) मेगा ड्राइव्ह या घरगुती खेळयंत्रासाठीच्या आवृत्तीतील सदोष इंग्रजी संवाद २००१ च्या सुमारास इंटरनेटवर सर्वदूर पसरले.

‘बात्सुगुन’ (१९९३) हा ‘दानमाकु’, म्हणजे गोळ्यांचा पडदा, या शैलीचा आरंभबिंदू मानला जातो. १९९४ मध्ये कंपनीचे दिवाळे निघाले. तिच्यातील त्सुनेकी इकेदा यांनी केव्ह कंपनीत ‘दोनपाची’ (१९९५) घडवून ही शैली पुढे नेली, तोआप्लानचा हाच सर्वांत टिकाऊ वारसा होय (पहा : केव्ह, दानमाकु). युगे यांनी २०१७ मध्ये तात्सुजिन ही कंपनी स्थापन केली. तोआप्लानच्या बहुतेक खेळांचे हक्क तिच्याकडे आहेत.