काजळ, डिंक आणि दफ्तर

पुण्याच्या पेशवे दफ्तरातील एखादा रुमाल सोडून त्यातला मोडी कागद उजेडाकडे तिरपा धरला, तर अक्षरांवर भुरभुरलेल्या वाळूचे कण अजून मधूनच लुकलुकतात. ज्या राज्याचा हा जमाखर्च, ते १८१८ साली लयास गेले, परंतु अक्षराचा काळेपणा उणावलेला नाही. रियासतकार सरदेसाई यांनी १९३० पासूनच्या चार-पाच वर्षांत या दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड संपादून मजकुराला न्याय दिला; हा मजकूर ज्या काळ्या पदार्थाने धरून ठेवला, त्याची विचारपूस मात्र आपण इतिहासाचे भक्त सहसा करीत नाही.

शाईचे साहित्य दोन दिडक्यांचे: तेलाच्या दिव्यावर पालथ्या भांड्याला धरलेले काजळ, बाभळीचा डिंक आणि पाणी. समर्थांनी दासबोधात लेखनक्रियेला स्वतंत्र समास दिला आणि बोरूंची निवड तपशिलाने सांगितली, यावरून लेखनसाहित्याची पारख ही त्या काळी किती गंभीर बाब होती हे ध्यानी यावे. गुजरातेतील जैन लेखकांच्या परंपरेत तर काजळाइतकाच बोळ, त्याच्या दुप्पट डिंक आणि वर माक्याचा रस, असे प्रमाणच बांधून दिलेले होते. एवढे जमले की उरे तो खल. आणि तो घटका-दोन घटकांचा नव्हे.

हे खलणे कशासाठी, याचा उलगडा घरच्या घरी होतो. वाटीभर पाण्यावर चिमूटभर काजळ टाकावे. ते बुडत नाही, भिजतही नाही, पाण्याशी जन्माचे वैर असल्यासारखे वर तरंगत राहते. तेच काजळ डिंकाच्या दाट पाण्याचे दोन थेंब घालून बोटाने तळहातावर चांगले मळावे आणि मग बोट वाटीत बुडवावे: काळा धूर पाण्यात उलटा उतरावा तशा रेघा निघतात, आणि दुसऱ्या दिवशी पाहावे तरी पाणी काळेच. काजळाचा कण बारीक करण्याचे काम ज्योतीनेच करून ठेवलेले असते. अर्धवट जळलेल्या तेलातला कार्बन ज्योतीत जमून जे कण होतात, त्यांच्यापुढे खलबत्त्याची काय मात्रा? खलणाऱ्याला करायचे असते ते इतकेच, की एकमेकांना बिलगलेल्या या कणांचे पुंजके सोडवून प्रत्येकाला डिंकाचे अंगरखे चढवायचे, म्हणजे ते पुन्हा परस्परांस भिडून गोळा व्हायचे नाहीत.

याची शास्त्रीय मीमांसा लंडनास झाली, आणि तीही काजळाच्या नव्हे, सोन्याच्या निमित्ताने. मायकेल फॅरडे याने सोन्याच्या क्षाराच्या विरल द्रावणावर फॉस्फरसची क्रिया करून माणकासारखे लाल पाणी सिद्ध केले आणि १८५७ साली असे प्रतिपादन केले की, हा रंग पाण्यात विखुरलेल्या सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांचाच आहे. त्या लाल पाण्यात मीठ पडताच ते निळे होई, कारण कणांवरील ज्या समान विद्युद्भारामुळे ते एकमेकांस दूर लोटतात, तो मिठाने निष्प्रभ होऊन कण एकवटतात. मात्र आधी थोडा सरस मिसळला, तर मिठाची मात्रा चालत नसे. पुढे १८६१ साली टॉमस ग्रॅहॅमने कातडी पडद्यातून पाझरणारे आणि न पाझरणारे असा पदार्थांचा भेद करून दुसऱ्या वर्गाला सरसाच्याच ग्रीक नावावरून नाव दिले. आपण त्यास कलिल म्हणतो. गीतेत मोहाच्या जोडीला बसलेला हा शब्द रसायनशास्त्राच्या पदरी घालणाऱ्याची रसिकता मला मोठी वाटते, कारण मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागापासून हजाराव्या भागापर्यंतचे हे कण धड विरघळलेले नसतात आणि धड तळाशीही बसत नाहीत. रिचर्ड झिगमोंडीने तर कोणता पदार्थ सोन्याच्या कणांचे मिठापासून कितपत रक्षण करतो, हे आकड्यांत मोजले. त्या तुलनेत जिलेटिन अग्रगण्य, डिंक बराच मागे आणि बटाट्याचा स्टार्च फारच मागे ठरला. तरी सरकारी दप्तराची चाकरी डिंकाने चोख बजावली, ही गोष्ट नोंदण्याजोगी आहे.

पुढे हिराकस आणि मायफळ यांची शाई आली. ती खलावी लागत नाही, कागदाच्या धाग्यांत शिरते आणि मुरते. पण तिच्यातील आम्ल कालांतराने कागदच खाऊ लागते, आणि अक्षराच्या जागी अक्षराच्याच आकाराचे भोक उरते. काजळाची शाई कागदात शिरत नाही, वरच बसून राहते. तिला उन्हाचे भय नाही. भय पाण्याचे, कारण दोनशे वर्षांनीही तिच्यातला डिंक पाण्याला ओळख देतो. पावसाळ्यात दमट झालेल्या रुमालातले दोन बंद एकमेकांस चिकटले, तर ते ओढून चालत नाही. पातळ पात्याने कोपऱ्यापासून बोटबोटभर सोडवीत जावे लागते, आणि सुटलेल्या कोऱ्या पाठीवर कधी कधी समोरच्या ओळीची फिकट, उलटी मोडी उमटलेली सापडते.