कल्याण कॅम्पातली हुकलेली स्वप्ने

सिंधी माणूस जन्मजात व्यापारी, म्हणून उल्हासनगर बाजारपेठ झाले, हा समज मला इतिहासावर अन्याय करणारा वाटतो. फाळणीपूर्वीच्या सिंधी हिंदूंमध्ये भाईबंद हा गट व्यापार करी; आमिल हा गट मात्र सिंधच्या तालपूर मीरांच्या राजवटीपासून सरकारी दप्तरात मुरलेला. आमिल घरातल्या मुलापुढे वकिली, डॉक्टरकी किंवा सरकारी हुद्दा हेच ध्येय असे आणि १८८७ साली कराचीत निघालेल्या डी. जे. कॉलेजाने त्याला वाट दिली. १९४७ नंतर कल्याणजवळच्या, दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी बराकींत म्हणजे कल्याण कॅम्पात सिंधी निर्वासित आले. १९४९ मध्ये त्या छावणीचे उल्हासनगर झाले, पण ओळखीची कचेरी, कोर्ट, कॉलेज सीमेपलीकडेच राहिले. भांडवल लागत नाही ते काम पुढे आले: पापड लाटणे, लोकलमध्ये किरकोळ माल विकणे, पुढे बराकीतच छोटे कारखाने.

यावर कोणी म्हणेल, सिंधमधल्या हैदराबादच्या सिंधवर्की व्यापारी पेढ्या तर जगभरच्या बंदरांत होत्या. व्यापार रक्तातच होता. पेढ्यांची गोष्ट खरी आहे. शिवाय ऐपतीचे अनेक आमिल मुंबई-पुण्याकडे वळले, हेही मान्य करावे लागते. तरी पेढीवरचा मुनीम आणि फलाटावरचा फेरीवाला यांचे आयुष्य एक नव्हे. कॅम्पातला धंदा बहुतेकांनी निवडला नाही, तो त्यांच्यावर येऊन पडला. आणि हुकलेली स्वप्ने त्यांनी सोडलीही नाहीत: याच व्यापारी गावात १९६१ मध्ये तलरेजा कॉलेज आणि १९६५ मध्ये चांदीबाई कॉलेज उभे राहिले.