माळरानाचे मूक शेजारी

सोलापूरच्या आग्नेयेस अक्कलकोट मार्गावर कुंभारी, तर उत्तरेस बार्शी मार्गावर नान्नज. दोन्ही गावे एकाच दख्खनी पठाराची लेकरे. मुरमाड जमीन, बेभरवशाचा पाऊस आणि ज्वारीची शेते हे या भागाचे पूर्वापार रूप. येथे माणसाच्या जोडीने काळवीट, लांडगा, खोकड आणि माळढोक पिढ्यान्‌पिढ्या नांदत आले.

माळढोकाची मादी वर्षाकाठी बहुधा एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. पिकांवरील नाकतोडे हे त्याचे आवडते खाद्य. म्हणून तो शेतकऱ्याचा मित्रच. १९७० च्या दशकात सोलापूरचे शिक्षक बी. एस. कुलकर्णी यांनी नान्नजच्या माळढोकांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. दुष्काळप्रवण क्षेत्र कार्यक्रमात चराईबंदी करून राखलेल्या कुरणांत गवत वाढले व पक्ष्यांना आश्रय मिळाला.

१९७९ मध्ये सोलापूर व तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यांत सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटरचे माळढोक अभयारण्य घोषित झाले. त्यात बहुतांश जमीन खाजगी होती. शेते, गावे, बाजारपेठाही होत्या. जमिनीचे व्यवहार व बिगरशेती परवाने अडू लागले. ज्या पक्ष्याला कोणी वैरी मानले नव्हते, तो अनेकांना अडचण वाटू लागला. पुढे २०१२ च्या सुमारास हे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले.

दरम्यान काळवीट वाढले. कोवळ्या ज्वारीत कळप शिरत, तरी शेतकरी रात्र जागून त्यांना हुसकावीत राहिला. माळढोक मात्र घटत गेला. उजनीचे पाणी, ऊस आणि द्राक्षबागा यांनी माळाचे रूप पालटले. द्राक्षाचे 'सोनाका' हे वाण नान्नजनेच दिले. कोरडवाहू शेतकऱ्याने चार पैसे मिळवले, यात त्याचा दोष कोणता? परंतु गवत सरले तसा पक्षीही सरला. २०११ मध्ये तो जागतिक पातळीवर अतिसंकटग्रस्त ठरला. आज नान्नजला त्याचे दर्शन अत्यंत दुर्मीळ आहे.

या इतिहासाचा बोध स्पष्ट आहे. कायद्याने सीमा आखता येते, आपुलकी आखता येत नाही. जीवदयेचा भार एकट्या शेतकऱ्याच्या शिरावर ठेवून नगरवासीयांनी केवळ पुण्याचा वाटा घेणे न्याय्य नव्हे. पांजरापोळाला सढळ हाताने देणाऱ्या समाजाने पीक गमावणाऱ्या शेतकऱ्याची झोळीही रिती राहू देऊ नये. जीवदयेचे व्रत त्यानेच पूर्ण होईल.