एक घर, एक वारस

जर्मनीच्या खेड्यात राहून आलेला माणूस दोन गोष्टी हमखास सांगतो, स्वच्छता आणि शांतता. मी तिसरी सांगणार आहे, वारसाहक्क. पोस्ट थोडी मोठी आहे, पण विषय जमिनीचा आहे, वाचा.

भाचा स्टुटगार्टला नोकरीला असतो. त्याच्यामुळे ब्लॅक फॉरेस्टमधल्या गुटाख खोऱ्यात एका शेतकरी कुटुंबाच्या गेस्टहाउसमध्ये तीन रात्री राहिलो. खाली मालक, वर पाहुणे, मागे गोठा. सकाळी पाव, चीज, घरचा जॅम मालकीणबाईच वाढायच्या आणि हिशोबालाही त्याच बसायच्या. मुक्कामावर थोडा स्थानिक कर लागतो. त्या बदल्यात एक कार्ड मिळतं, त्यावर त्या भागातल्या बस आणि रेल्वे फुकट.

पण बघत राहावं ते घराचं छप्पर. त्या एका छपराखाली माणसं, जनावरं आणि वर वर्षाचा चारा. याच खोऱ्यात १६१२ साली बांधलेलं 'फोग्ट्सबाउअर्नहोफ' नावाचं असंच घर आहे, १९६४ पासून तिथं संग्रहालय आहे. तालुक्यातल्या वाटणीच्या भांडणांच्या बातम्या लिहून हात दुखलेल्या माझ्यासारख्याला पहिला प्रश्न पडला, की एवढ्या वर्षांत या घरांची वाटणी कशी झाली नाही?

उत्तर सोपं आहे, होऊच दिली नाही. या डोंगराळ भागात घर, शेत, जंगल, गुरं मिळून एक 'होफ'. तो फोडायचा नाही, एकाच वारसाला द्यायचा. आणि तो वारस बऱ्याच ठिकाणी थोरला नव्हे, धाकटा मुलगा. धाकटा कर्ता होईपर्यंत कारभार बापाच्याच हाती राहतो. पुढे म्हातारा-म्हातारी शेजारच्या छोट्या घरात जायची. त्यांना दूध किती, लाकूड किती द्यायचं, याचा लेखी करार व्हायचा. आईबापांनाही पोराच्या शब्दावर सोडलेलं नव्हतं!

तिथून जवळच, ऱ्हाईनच्या मैदानात, रीत उलटी होती. सगळ्या मुलांना सारखा वाटा. तिथं शेतांचे चिंचोळे पट्टे झाले. डोंगरातल्या रिवाजाला मात्र बाडेन राज्याने १८९८ मध्ये स्वतंत्र कायदाच करून दिला.

मग बाकीच्या भावंडांचं काय? त्यांच्यासाठी जर्मन भाषेत एक शब्द आहे, त्याचा अर्थ 'बाजूला होणारे वारस'. त्यांना थोडे पैसे मिळत, पण ते जमिनीच्या बाजारभावाने नाही, उत्पन्नावर काढलेल्या किमतीने. कोणी घड्याळं बनवायला लागलं, कोणी ती पाठीवर लादून देशोदेशी विकत हिंडलं. १८४०च्या दशकात बटाट्याचं पीक बुडालं, १८४९ मध्ये बाडेनमधली क्रांती चिरडली गेली, आणि त्या काळात हजारोंनी अमेरिकेची बोट धरली. जे घरीच राहिले, त्यातले कित्येक बिनलग्नाचे, धाकट्या भावाकडे गडी किंवा मोलकरीण म्हणून.

नाझींनी १९३३ मध्ये हीच कल्पना उचलून देशभर कायदा केला. अखंड शेत, एक वारस, आणि 'शेतकरी' म्हणवून घ्यायला 'आर्य' रक्ताची अट. तो कायदा १९४७ मध्ये दोस्त राष्ट्रांनी रद्द केला.

पाहुणे आले ते रेल्वेमुळे. फुर्टवांगेनच्या घड्याळ-शाळेचा पहिला प्रमुख रोबर्ट गेरविग हा मूळचा इंजिनिअर. त्याने डोंगर पोखरून इथं रेल्वे आणली, १८७३ मध्ये ती पूर्ण झाली. १९०० मध्ये फोर्टसहाइम ते बाझेल ही पायवाट आखली गेली. दुसऱ्या महायुद्धानंतर गाड्या आल्या, सुट्ट्या वाढल्या आणि शेतकऱ्यांच्या दारावर 'खोली मिळेल' अशा पाट्या लागल्या. दुधाच्या पैशात भागत नव्हतं, आणि रिकाम्या खोल्या तर घरातच होत्या.

त्या रिकाम्या का होत्या, हे मालकीणबाईंनी सांगितलं, भाच्याने मराठीत करून दिलं. माझी खोली म्हणजे त्यांच्या सासऱ्यांच्या दोन आत्यांची. दोघींची लग्नं झाली नाहीत, जन्म याच घरात राबण्यात गेला. खोलीत तेव्हा शेगडीसुद्धा नव्हती. आता तिथं हीटर आहे, गरम पाणी आहे. आणि होफ पुढे कोण सांभाळणार, याचं उत्तर बाईंकडे नाही. मुलगा कारखान्यात जातो, शेत संध्याकाळी बघतो.

आपल्याकडे तुकडेबंदीचा कायदा १९४७ पासून आहे, तरी तुकडे पडतातच. त्यामुळे 'जर्मनीसारखं एकालाच द्या' म्हणणारे पारावर भेटतात. अखंड जमिनीचे फायदे आहेत, ते मी डोळ्यांनी पाहिले. पण अशा माणसाला एवढंच विचारा, की तुमच्या घरात सातबाऱ्यावरून नाव कोणाचं कमी होणार? दरवेळी दुय्यम निबंधक कार्यालयात हक्कसोडपत्रावर सही करायला बहिणीलाच का बोलावतात? तिच्या सहीची किंमत काय ठरवली, तेही कागदावर येऊ द्या. मग करू चर्चा.