आतड्याचं ऑपरेशन, पेज आणि चार पावलं



कर्जत-खालापूर हा भाताचा मुलूख. इथल्या संशोधन केंद्रातून निघालेल्या भाताच्या वाणांना नावही 'कर्जत'च आहे. त्यामुळे घरात कुणी आजारी पडलं की आधी आठवते ती पेज. पण आतड्याचं ऑपरेशन करून माणूस मुंबईहून घरी आला की त्या पेजेचीही धास्ती वाटते. "आतले टाके सुटतील", "उठू नका, जोर येईल" असं जो तो सांगतो. ही धास्ती काही चुलीपाशी जन्मली नाही. विसाव्या शतकात बराच काळ डॉक्टरांचीच ती शिकवण होती. गॅस पास होईपर्यंत तोंडाने काही नाही, नाकातून नळी, हाताला सलाईन आणि अंथरूण.

त्याआधीची रीत वेगळी होती. सुश्रुतसंहितेत आतड्याचं छिद्र मोठ्या मुंग्यांच्या जबड्यांनी सांधायला सांगितलं आहे. ते वाचून आपला जीव कासावीस होतो, पण पुढे रुग्णाला दुधावर ठेवा असंही म्हटलं आहे.

१८९९ मध्ये शिकागोच्या एमिल रीस यांनी पोटाच्या ऑपरेशननंतर रुग्णांना लवकर खायला दिलं, लवकर उठवलं आणि ते लवकर बरे होतात असं लिहिलं. फार कुणी मनावर घेतलं नाही. १९४७ मध्ये लंडनचे रिचर्ड ॲशर यांनी अंथरुणाचेच धोके मांडले: पायात रक्ताच्या गाठी, छातीत कफ, गळून गेलेले स्नायू. मग १९९५ मध्ये डेन्मार्कचे हेन्रिक केलेट आणि सहकाऱ्यांनी सगळं एकत्र जुळवलं. दुर्बिणीतून ऑपरेशन, पाठीतल्या बारीक नळीतून वेदनाशामक औषध, लवकर जेवण, लवकर चालणं. त्यांचे वयस्क रुग्ण दोन दिवसांत घरी जाऊ शकले.

यामागचं कारण साधं आहे. आपण काही खाल्लं नाही तरी लाळ, जठररस, पित्त असे कित्येक लिटर रस रोज आतड्यात उतरतात. म्हणजे उपाशी ठेवून सांधा कोरडा राहत नाही. लहान आतडं बहुधा दिवसभरात हलू लागतं, मोठ्याला दोन-तीन दिवस लागतात. अफूच्या जातीची वेदनाशामकं त्याला आणखी मंद करतात, म्हणून ती कमी वापरायची. २००१ मध्ये अनेक चाचण्यांचा एकत्र आढावा निघाला. उपाशी ठेवण्याचा फायदा त्यात दिसला नाही.

आपल्याला हे नवं वाटू नये. अठाईच्या पारण्याला आपण भरलं ताट वाढत नाही, आधी मुगाचं पाणी देतो. पण तप हे संकल्पाने होतं. जखम भरायला अन्न मागणाऱ्या शरीराला भीतीपोटी उपाशी ठेवणं म्हणजे तप नव्हे. रात्रीच्या औषधाचा आणि पाण्याचा प्रश्न असेल तर ऑपरेशनआधीच महाराजसाहेबांना विचारून घ्यावं. पच्चक्खाणात आगार ठेवलेले असतात ते अशाच वेळेसाठी.

प्रत्येक रुग्ण सारखा नसतो. केव्हा आणि काय खायचं ते सर्जनच ठरवतील. उलटी झाली, पोट फुगलं, ताप आला तर थांबून लगेच त्यांना कळवावं. पण त्यांनी परवानगी दिली असेल तर पेजेची वाटी अंथरुणावर नेऊ नका. खुर्ची मांडा, हात द्या आणि चार पावलं चालवत तिथवर आणा.